भासऱ्यांच्या बैठकीतले बॉक्सर

साऱ्या बालाघाटात माझ्या भासऱ्यांइतका मारामारीला भिणारा माणूस नव्हता, आणि त्यांच्या बैठकीत मुठी उगारून जेवढे पुरुष उभे होते तेवढे मध्य प्रदेशातल्या कोण्या एका खोलीत नव्हते. छप्पन साली नागपूर आमच्या राज्यातून निघून गेलं, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मी त्या घरात धाकटी सून म्हणून आले. माप ओलांडून मान जराशी वर केली, तर समोरच्या भिंतीवरून चड्डी घातलेला एक धिप्पाड इसम माझ्यावर डोळे रोखून बघत होता. उजवीकडं दोन होते, डावीकडं चार, आणि दारावर, जिथं लोक गणपती लावतात तिथं, एक मिशीवाला. मी घाबरून पदर नाकापर्यंत ओढला. तेव्हा माझ्या जाऊबाई, म्हणजे भासऱ्यांच्या बायको, माझ्या कानात म्हणाल्या, "भासऱ्यापुढं घे पदर. या उघड्यांपुढं नाही घेतला तरी चालते."

भासरे म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. ढोरांच्या दवाखान्यात ते कंपौंडर होते. अंगानं इतके किडकिडीत, की बंडीवरून बरगड्या मोजून घ्याव्या. आवाज इतका हळू, की फक्त आजारी बैलालाच ऐकू जावा. गल्लीत दोन कोंबडे भिडले तर ते घरात येऊन बसत. चिकन तर सोडाच, भाजीतलं वांगं चिरतानाही ते तोंड फिरवून घेत. असा हा माणूस बॉक्सिंगच्या जुन्या जाहिराती गोळा करायचा. त्या काळी जबलपूर, गोंदिया, नागपूर असल्या ठिकाणी तंबू ठोकून बॉक्सिंगचे मुकाबले होत आणि भिंतीभिंतींवर लाल-निळ्या अक्षरांचे हातहातभर कागद लागत. मुकाबला संपला की ते कागद कोणाच्याच कामाचे नसत. भासऱ्यांच्या कामाचे असत.

आता कोणी म्हणेल की त्यांना बॉक्सिंगचं वेड असेल. मुळीच नाही. एकदा गोंदियाच्या एका ओळखीच्या माणसानं त्यांना फुकटचा पास दिला. भासरे हौसेनं इस्तरीचं धोतर नेसून छोट्या लाईनीच्या गाडीत बसले, तंबूपर्यंत पोचले, तंबूबाहेरच्या कुंपणावर गेल्या महिन्याच्या मुकाबल्याची जाहिरात शिल्लक होती ती सोडवली, गुंडाळून काखेत घेतली आणि परतीच्या गाडीनं घरी आले. पास खिशात तसाच. जाऊबाईंनी विचारलं, आत काहून नाही गेले? तर म्हणाले, "आत काय पाह्याचं? मारामारीच तर होती."

जाहिरात सोडवण्याची त्यांची रीत मात्र एखाद्या शल्यवैद्यासारखी. दवाखान्यात मलम घोटायची एक चपटी सुरी असायची, तसलीच एक त्यांनी स्वतःसाठी घेऊन ठेवली होती. आधी ओलं फडकं कागदावर दाबून धरायचं, भिंतीनं कागद सोडेपर्यंत विडी न पेटवता उभं राहायचं, मग कोपऱ्यातून सुरी घालायची. सिनेमावाले वरून आपला कागद चिकटवून गेले असतील तर भासरे सिनेमा अलगद काढून पुन्हा शेजारी चिकटवून देत, कोणाचं नुकसान नको म्हणून. मुकाबल्याची तारीख उलटल्याशिवाय ते कागदाला हात लावत नसत. तारखेच्या आधी काढणं ही चोरी, असं त्यांचं मत होतं. घरी आणून फाटक्या जागी भाताच्या पेजेची खळ लावायची, खळीत चिमूटभर मोरचूद, म्हणजे कीड लागत नाही. त्यामुळं आमच्या बैठकीला कायम शिळ्या भाताचा आणि फिनाईलचा वास असे. नणंदेला बघायला कटंगीहून पाहुणे आले होते. मुलाच्या वडिलांनी चारी भिंती न्याहाळल्या आणि पोहे खाण्याआधी विचारलं, या घरात भांडणं फार होतात काय.

त्यांचे खरे वैरी पाऊस किंवा चुनेवाले नव्हते. गाई होत्या. कागदाला लावलेली खळ गाईंना फार आवडते. परसवाड्याच्या बाजारात भासरे एकदा ढोरांना सुया टोचायला गेले असताना भिंतीवर एक दुर्मीळ जाहिरात दिसली. ते फडकं ओलं करून येईपर्यंत एका गाईनं खालून सुरुवात केली होती. पुढं जे झालं ते बाजारातल्या लोकांनी आम्हाला सांगितलं: इकडून कंपौंडर ओढून राह्यले, तिकडून गाय, आणि कंपौंडर गाईला हात जोडून म्हणत आहेत, माय, सोड. अर्धी जाहिरात घरी आली. तिच्यातला बॉक्सर कमरेपर्यंतच होता. भासऱ्यांनी ती काचेत मढवली आणि पाठीमागं सुंदर अक्षरात लिहून ठेवलं, "उरलेला भाग गाईने नेला."

या सगळ्या गर्दीत एक जाहिरात मानाची होती. तिच्यावर ऊन पडू नये म्हणून बैठकीची एक खिडकी वर्षानुवर्षं बंद होती. माझ्या लग्नाआधीच ती त्यांना एका लाखेच्या गोदामाच्या किवाडामागं सापडली होती. मुकाबला जबलपूरचा, पण वर ठळक अक्षरात छापलं होतं, "बालाघाट का तूफान लहानू". चित्रात एक तरणा पोरगा, डावा खांदा पुढं, हनुवटी आत, डावी मूठ गालाजवळ. आपल्या गावचा बॉक्सर, आणि गावात त्याला कोणी ओळखत नाही, हे भासऱ्यांना सहन होत नसे. त्यांनी त्याचा शोध सुरू केला. बिरशापासून कटंगीपर्यंत जिथं म्हणून दवाखान्याचं काम निघे, तिथं म्हशीच्या पोटावर हात ठेवून ते मालकाला विचारत, तुमच्याकडं लहानू नावाचे कोणी आहेत काय. लहानू खूप निघाले. एक तेली, एक पाटील, एक तर चार महिन्यांचा होता. तूफान कोणीच नव्हता. अशी दहा-बारा वर्षं गेली. जाऊबाई म्हणत, मेला असंल तो. भासरे म्हणत, मेला असंल तर कुठं मेला ते तरी कळाले पाह्यजे.

मग एके दिवशी दुपारी जेवायला घरी आले ते चेहरा पार बदलून. ताटावर बसले आणि भाताला हात लावेनात. दवाखान्यात एक वयस्क गाडीवान बैल घेऊन आला होता. बैलाच्या मानेला गळू झालं होतं. औषध लागताच बैलानं शिंग झाडलं. तो माणूस मागं पळाला नाही. जागच्या जागी खांदा पाडून शिंगाखालून निसटला, आणि त्याची डावी मूठ आपोआप गालाजवळ गेली. भासऱ्यांच्या हातातली बाटली तशीच राहिली. त्यांनी विचारलं, तुमचं नाव लहानू काय? तो म्हणाला, हौ. भासऱ्यांनी हळूच विचारलं, तूफान? त्या माणसानं आधी इकडंतिकडं पाहिलं, कोणी ऐकलं तर नाही म्हणून. मग बैलाचा कासरा धरून निघून गेला. भासऱ्यांनी त्याच्या मागं जाऊन एवढंच सांगितलं, तुमची जाहिरात माझ्या घरी आहे, पाहायला या.

तो येईल अशी आशा आम्ही सोडली होती. रविवारी सकाळी तो दारात उभा होता. धुतलेला सदरा, नाक बसकं, एक कान चुरगळलेला. खाणीच्या रस्त्याकडं बौद्धांची वस्ती आहे, तिथं राहतो आणि गाडीवर विटा वाहतो, असं त्यानं सांगितलं. वहाणा बाहेर काढून तो आत आला आणि चारी भिंतींवरच्या मुठी बघून थबकला. भासऱ्यांनी बंद खिडकी उघडली. इतक्या वर्षांत ती उघडलेली मी पहिल्यांदा पाहिली. तो आपल्या चित्रापुढं जाऊन उभा राहिला. आम्ही दोघी जावा आतल्या दाराआडून बघत होतो.

"डाक्टरसाब, वाचून दाखवा," तो म्हणाला.

भासऱ्यांनी वरपासून खालपर्यंत सगळं वाचलं, छापखान्याचा पत्ता धरून. त्यानं पुन्हा वाचायला सांगितलं. त्यांनी पुन्हा वाचलं. मग तो बोलायला लागला. जबलपूरला फौजेच्या मेसमध्ये तो भांडी घासत होता. एका सुभेदारानं त्याचे हात पाहून त्याला खेळायला लावलं. जाहिरात लागली त्या दिवशी तो बाजारातल्या भिंतीपुढं किती तरी वेळ उभा होता. चित्र आपलं आहे हे कळत होतं, पण नाव कुठलं ते कळत नव्हतं. "मले वाचता येत नोतं. कोणाले विचाराची लाज वाटे. तसाच गेलतो खेळाले."

भासऱ्यांनी फार भीत भीत विचारलं, "मंग काय झालं?"

"हारलो. तिसऱ्या फेरीत. घरी कोणाले नाही सांगतलं कधी."

मला वाटलं, इतकी वर्षं सांभाळलेला तूफान असा हरलेला निघाला, आता यांना वाईट वाटेल. भासरे उठले, त्यांनी मलमाची सुरी आणली आणि चारी कोपऱ्यांचे खिळे स्वतःच्या हातानं काढले. सख्ख्या भावाला ज्यांनी कधी एक जाहिरात हातात धरू दिली नव्हती, त्यांनी ती गुंडाळून त्याच्या हातात दिली. म्हणाले, "तुमची आहे. घरच्यायले दाखवा." तो नाही नाही म्हणत राहिला. जाऊबाई क्षणभर चुलीजवळ घुटमळल्या. मग फडताळातले पाहुण्यांचे कप काढले आणि स्वतः चहा घेऊन बाहेर गेल्या.

त्यानंतर दर रविवारी भासरे "जाहिरात पाहून येतो" म्हणून निघत. जाहिरात लहानूच्या घरी बुद्धाच्या तसबिरीपासून हातभर अंतरावर लागली होती. मी एकदा त्यांच्यासोबत गेले तर दोघं ओसरीवर बसून बैलांच्या खुरांबद्दल बोलत होते. बॉक्सिंगचा एक शब्द नाही. लहानूची लेक, जी आधी बापाच्या उघड्या चित्राला लाजत होती, तीच मला ते हौसेनं दाखवत होती. भासऱ्यांना त्या आधी कोणी मित्र होता असं मला आठवत नाही.

असे चार-पाच वर्षांचे रविवार गेले. मग एका हिवाळ्यात लहानू छातीच्या दुखण्यानं गेला. थोड्या दिवसांनी त्याची लेक गुंडाळी घेऊन आमच्याकडं आली. म्हणाली, "बाबानं बजावलं होतं, डाक्टरसाबची वस्तू त्यायले पोचती करजो." भासऱ्यांनी ती खाटेवर उलगडली. छापलेल्या मोठ्या नावाखाली पेन्सिलीनं, वाकड्यातिकड्या अक्षरांत कोणीतरी लिहिलं होतं, लहानू. लेक ओशाळली. म्हणाली, बाबा माझ्या पोरीजवळून लिहायला शिकले शेवटच्या सालात, मी म्हटलं खराब नका करू, ऐकतच नोते.

कागदाला बोटाचा डाग पडला तरी भासरे दोन दिवस अबोला धरत. त्यांनी चष्मा लावला, वाकून त्या तीन अक्षरांवरून हवेतच बोट फिरवलं आणि म्हणाले, "ल चांगला आला त्यायचा." मग कागद हळूहळू गुंडाळून तिच्या हातात परत दिला. तिथंच लावा म्हणाले, पोरीच्या अभ्यासाच्या जागी, मी रविवारी येत जाईन.

पुढंही ते जात राहिले. तोवर मी त्यांच्याशी पदर सावरून का होईना, थेट बोलू लागले होते. परत आले की मी विचारायची, कशी आहे जाहिरात? ते वहाणा काढून भिंतीला टेकत आणि सांगत, "बरी आहे."