सोमवारची सुट्टी

“सगळे रिपोर्ट चांगले हायत म्हणताय. मग पोर का न्हाय?”

करकंब गावाहून आलेली सासू डॉक्टरसाहेबांच्या टेबलावर हात टेकून विचारत होती. तिची सून शालन मागे पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी. मी दाराशी. सोलापुरात सात रस्त्याजवळच्या त्या दवाखान्यात मी आया होते. मूल न होणाऱ्या जोडप्यांवर साहेब उपचार करत, त्यावरच त्यांचा अभ्यासही चालू होता.

शालनची ट्यूब टेस्ट झाली होती. यात गर्भपिशवीत औषध सोडून एक्स-रे काढतात, म्हणजे नळ्या मोकळ्या आहेत का ते कळतं. मोकळ्या होत्या. नवऱ्याचा काउंट, म्हणजे पुरुषबीजांची संख्या, भरपूर. शालन रोज पहाटे उठायच्या आधी तोंडात थर्मामीटर धरायची. महिन्याच्या मध्याला पारा किंचित चढला की स्त्रीबीज सुटलं असं साहेब धरत. तेही दर महिन्याला होत होतं.

“आता किती बघायचं?” सासू म्हणाली. “माज्या भावाची पोरगी हाय. दिवाळी झाली की लेकाचं दुसरं लगीन लावते.”

“आजी, कायद्यानं चालत नाही ते.”

“कायदा करकंबला येत न्हाय, साहेब.”

साहेबांनी सासूला बाहेर बसवलं आणि मला म्हणाले, “हिला आत न्या. नवराबायकोचं नीट आहे का विचारा. मला सांगायची नाही ती.”

“मी काय विचारू?”

“सुचेल ते.”

असलं बोलायची मलाच लाज. दोघी तपासणीच्या टेबलाशी बसलो. मी म्हणाले, “मालक काय करतात?”

“हितंच मिलमधे हायत. खोली घेतलीया.”

“आणि तू करकंबला? मग घरी कधी येतात?”

“सुट्टीला. रविवारी रातीला येत्यात, मंगळवारी पहाटंच्या गाडीनं जात्यात.”

“म्हणजे सोमवारी असतात.”

“असत्यात की. पण पोरासाठी सासूबाईंनी मला सोळा सोमवार धरायला लावल्यात. त्यांचं सोवळं लई कडक. रविवारी दिवं लागलं की मी देवघरात त्यांच्याजवळ निजते, ती मंगळवार उजाडेपतुर.”

“सोळा संपले नाहीत?”

“संपलं की. गुण आला न्हाय म्हणून पुन्हा धरलं. संपलं की पुन्हा.”

बोलता बोलता ती थांबली. माझ्याकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली. मलाही आवरेना.

साहेबांना मी कसंबसं सांगितलं. त्यांनी शालनचा एक्स-रे पाकिटात घातला. मग म्हणाले, “सोमवार सोडा म्हटलं तर म्हातारी सुनेला परत आणायची नाही.”

त्यांनी सासूला आत बोलावलं. “आजी, आता एक दिवसाआड इंजेक्शन. सुनेला सोलापुरातच ठेवा, नवऱ्याच्या खोलीवर.”

इंजेक्शनं नुसती ताकदीची होती. तेवढं मला ठाऊक होतं.

“आन् सोमवार? मधीच मोडलं तर देव कोपंल की.”

यावर साहेबांकडे औषध नव्हतं. मी दारातूनच बोलून गेले, “तुमी धरा की, आजी. नातू तुमालाच पायजे.”

“मला उपास झेपतोय व्हय या वयात?”

“सुनेला झेपले ना?” साहेब म्हणाले.

म्हातारीने माझ्याकडे रागाने बघितलं, मग शालनकडे. “धरते. पर इंजेक्शन भारीतलं द्या.”

शालन सोलापुरात राहिली. पुढे तिची पाळी चुकली तेव्हा दिवाळी यायची होती. भावाच्या पोरीचं नाव पुन्हा निघालं नाही.

मुलगी झाली. सासू पेढे घेऊन आली. “माज्या सोमवारांचा गुण हाय. हिच्यानं नीट हुत नव्हतं.”

“खरं आहे,” साहेब म्हणाले आणि दोन पेढे घेतले.

त्यानंतर नवं जोडपं आलं की साहेब कुठलीही टेस्ट सांगायच्या आधी एकच विचारत, सुट्टी कोणत्या वारी असते. उत्तर सुनेकडून घेत, आणि सासूला आधी बाहेर बसवून.