पाटणीखाली बसणारा माणूस

नीलकंठ सुतार गेल्याचा फोन त्याच्या सुनेनं केला, तेव्हा मी मधल्या खोलीत तांदूळ निवडत होते. आधी वाईट वाटायला हवं होतं. मी आधी वर पाहिलं, पाटणीकडे, आणि भ्याले. महिना होऊन गेला तरी ती भीती गेलेली नाही.

आमचं गाव पवनीजवळचं. घर सासऱ्यांच्या वेळचं, मातीच्या भिंतींचं. मधल्या खोलीवर पाटणी, म्हणजे माळा. वर वर्षाचं धान राहतं आणि खाली माणसं झोपतात. आधी ती बांबूची होती, वरून शेणमातीचा थर. गोंदिया वेगळा जिल्हा झाला, त्यानंतर दोन-तीन वर्षांनी ती एका कोपऱ्यात खचली. नवरा तेव्हा हयात नव्हता. नवं सागवान मला झेपणारं नव्हतं. लाखनीकडे एक जुनी धानगिरणी पाडत होते, तिच्या वरच्या मजल्याच्या सागवानी फळ्या विकायला होत्या. नीलकंठ मला तिथं घेऊन गेला. एकेक फळी उभी करायचा, बोटानं ठोकायचा, कान लावायचा आणि मग घ्यायचा नाहीतर फेकायचा. विकणारा वैतागला. "सुतारभाऊ, फळी घेऊन राहिले का टरबूज?"

"टरबूज फुटलं त खाता येते," नीलकंठ म्हणाला. "हे फुटली त वयनी मरते."

घरी आणून त्यानं खिळे उपसले, रंधा मारला. फटींतून गिरणीचा जुना कोंडा निघत राहिला... आठ दिवस घराला गिरणीचा वास होता.

त्याची एक रीत होती, बापाकडून आलेली. पाटणी ज्यानं बसवली, त्यानं पहिलं धान चढताना तिच्याखाली बसायचं. उरलेल्या फळीचा त्यानं एक पाट केला, खिळ्यांची भोकं तशीच ठेवली, आणि खोलीच्या मधोमध बसला. मी भात-वरण वाढलं आणि दारात उभी राहिले. वर माझा मुलगा विलास पोती रचत होता. फळ्या कुरकुरायला लागल्या, तशी मी चौकट धरली.

"भेऊ नका," तो घास घेत म्हणाला. "लाकूड बोलते तवरक काई होत नाही. चूप झालं का पळाचं."

अकरावं पोतं चढलं आणि कुरकुर थांबली. त्याचा हात ताटातच राहिला. माझ्याकडे पाहिलं आणि ओरडला, "विलास, पोते राहू दे! खाली उतर!"

त्यानं आधी बल्लीचा टेकू लावला, मग एकेक पोतं काढवलं. फळ्या चांगल्या होत्या. त्या ज्यावर टेकल्या होत्या ती मधली मयालच भिंतीजवळ उधईनं पोखरलेली होती. त्यानं पटाशी लावली तर मुठीपर्यंत आत गेली. "चूक माहीच हाय," तो म्हणाला. "फळ्या साऱ्या ठोकल्या. मयाल तुमच्या सासऱ्याची, म्हनून तिले ठोकलंच नाही." 

मी त्याला झापलं. "तुह्या बायकोले मी काय सांगितलं असतं?"

"सांगाचं, जेवून मेला."

मयाल बदलली, तीही त्याच गिरणीची. पुढे दरवर्षी नवं धान चढवायच्या दिवशी तो न बोलावता यायचा. मयाल ठोकायचा, पाटावर बसायचा, जेवायचा. मी दारात. वर्षानुवर्षं मी त्याच्या कानाच्या भरवशावर झोपले.

त्याच्या दिवसांना गेले तेव्हा मी त्याच्या सुनेला म्हटलं, आता ऐकणारं कोणी राहिलं नाही. ती माझ्याकडे पाहतच राहिली. "काकू, बाबाले तीन वर्षांपासून ऐकू येत नव्हतं. तुमाले मालूम नव्हतं?"

 तीन वर्षं माझी नात त्या पाटणीखाली झोपली होती. "मंग येत काहून होता?" मी विचारलं.

"मीबी इचारलं. त म्हने, वयनी दारात उभी राह्यते. मी तिचं तोंड पायतो. लाकूड चूप झालं का तिले माह्या आंधी समजते."

 अकराव्या पोत्याचा दिवस आठवला... त्यानं वर पाहिलंच नव्हतं.

विलास म्हणतो, पाडून स्लॅब टाकू. टाकेल कधीतरी. धान मात्र परवाच आलं. मी मयाल ठोकून पाहिली. भरीव वाजली, निदान मला तसं वाटलं. मग नातीला दारात उभं केलं, तो पाट मधोमध ठेवला आणि बसले. ताट घेतलं नाही. माझ्याच्यानं घास गिळवला नसता. खिळ्यांची भोकं बोटांना लागत होती. वर पोती चढत होती आणि फळ्या कुरकुरत होत्या. दहा पोती झाली.

विलासनं शिडीवरून वाकून पाहिलं. "माय, भेव लागून राहिला का?"

"लागून राहिला," मी म्हटलं. "अकरावं आन."