डाव्या हाताचं रेकॉर्डिंग

एकट्या पियानोची जेवढी रेकॉर्डिंग माझ्याकडे आहेत, तेवढी अख्ख्या जळगावात कुणाकडे नसतील. हे मीच सांगते. दुसरं कोण सांगणार? त्यातली माझी आवडती सगळी दांडगी, बोटांची परीक्षा घेणारी. एका मैफिलीत तर वादक असा सुटतो, की शेवटचा सूर विरायच्या आत लोक टाळ्यांना सुरुवात करतात. नवरा म्हणतो, भांडी पडल्यासारखं वाटतं. त्याला मी कानात कापूस घालायला सांगितलंय.

माझे वडील, आबा, अमळनेरजवळच्या आमच्या गावात भजनाला पेटी वाजवायचे. लकव्यानं त्यांचा उजवा हात गेला आणि मी त्यांना जळगावला आणलं. पेटीही आणली. ती कपाटावर चढली. "कोनले बी दी टाक," एवढंच ते म्हणायचे. मी देत नव्हते. हा माणूस असाच भिंतीकडे बघत संपेल, याची मला भीती वाटायची.

एका दुपारी पोळ्या करताना मी माझं सर्वांत लाडकं रेकॉर्डिंग लावलं. खाली घुमणारे सूर, वर गाणं, मधून झरझर उतरणाऱ्या ताना. आबांनी मान वळवली.

"वाजाडनारा दोन जन शेतस."

"एकच शे, आबा."

"मंग भाता कोन मारस?"

पेटीवाल्याचा एक हात जन्मभर भात्याला बांधलेला, त्यामुळे त्यांना असंच वाटणार. पियानोला भाता नसतो, हे मी सांगितलं. पुढचं सांगताना माझा आवाज चढला, कारण या रेकॉर्डिंगचा मला फार अभिमान आहे. तो सगळा तुकडाच एकट्या डाव्या हातासाठी रचलेला आहे.

"आनि उजवा?"

"मांडीवर."

त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकलं, पुन्हा लावायला सांगितलं. माझी पोळी करपली. मग म्हणाले, "पेटी काढ."

मी समोर बसून भाता धरला. त्यांची डावी बोटं अडखळली, चुकली, मागे आली आणि एका अभंगाची ओळ त्यांना सापडली. मी हरखून भाता हापसत सुटले.

"धीरे मार," आबा खेकसले. "सायकलमा हवा भरी राह्यनी का तू?"

अख्ख्या भजनी मंडळाला ते असंच झापायचे. आजारपणानंतर ते पहिल्यांदाच कुणावर तरी चिडले होते, आणि ती मी होते.