कुंकवाची डबी

आज आईच्या जुन्या पर्समधून कुंकवाचा वास आला आणि मी मनाने ऑस्ट्रेलियातल्या ॲलिस स्प्रिंग्जजवळच्या त्या रस्त्यावर पोचले. उन्हाळ्यातली दुपार होती, आम्ही घरी परतत होतो. सकाळी जाताना जिथे नदीच्या पात्रात नुसती कोरडी वाळू होती, तिथे आता वर कुठेतरी पडलेल्या पावसाचं लाल पाणी रस्त्यावरून धावत होतं.

"निघेल गाडी," म्हणत नवऱ्याने गिअर टाकला.

"थांबा हो. नदीला कुंकू वाहू द्या आधी," पुण्याहून आलेली आई मागून म्हणाली आणि हीच पर्स उपसत बसली. आम्ही दोघंही वैतागलो. तेवढ्यात एक अख्खं झाड वाहत आलं आणि रस्ता ओलांडून गेलं.

डबी आज मला बाहेरच्याच कप्प्यात मिळाली, तिच्या नेहमीच्या जागी. मग त्या दुपारी आई एवढा वेळ काय शोधत होती?