मुर्रीतला जपानी मेपल

मुलगी जपानला गेली ती म्हाताऱ्या माणसांची सेवा करायला. नर्सिंग झालं, भाषेची परीक्षा झाली आणि तिकडच्या एका वृद्धाश्रमात काम मिळालं. त्याच वर्षी माझ्या सासूबाई अंगणात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, आणि त्या खाटेला लागल्या त्या लागल्याच. म्हणजे ती तिकडे दुसऱ्यांच्या आज्यांचं अंग पुसत होती आणि मी इकडे मुर्रीत, आमच्या धानाच्या गावात, तिच्या आजीचं. आम्ही दोघींनी हे कधी बोलून दाखवलं नाही.

हिवाळ्याच्या शेवटी तिनं हिमाचलातल्या एका नर्सरीतून माझ्यासाठी झाड मागवलं. हातभर उंचीचं, पंजासारख्या लाल पानांचं. जपानी मेपल.

"माझ्या खिडकीसमोर अगदी असंच आहे, आई," ती फोनवर म्हणाली. "तू तिथं पाहा, मी इथं पाहते."

मला झाड नको होतं. सकाळी सासूबाईंचं सगळं आवरायचं, शेजारच्या काकूंना त्यांच्यापाशी बसवून आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावची बस पकडायची, शाळेत शिकवायचं, आणि परत आल्यावर चादरी धुवायच्या. यांची नोकरी रेल्वेत, आठवड्यातले चार दिवस बाहेर. त्यात आणखी एक जीव. पण तिला नको कसं म्हणणार?

मार्चमध्येच पानांची टोकं करपली. एप्रिलमध्ये कडा भाजलेल्या पापडासारख्या झाल्या. मी कुंडी हिरव्या जाळीखाली ठेवली, मग मोरीशेजारी, आणि शेवटी सासूबाईंच्या खोलीत, कारण घरातला एकुलता कूलर तिथं होता. दिसलं की पाणी घालायची.

"हे काय आणलीस वं घरात?" सासूबाईंनी विचारलं.

"मेपल. तुमच्या नातीनं पाठवलंय."

"फूल येते का त्याले?"

"नाही."

"फर?"

"फळही नाही."

"मंग कायले पोसून रायलीस?"

मी त्यांची चादर सारखी केली. त्या भिंतीकडे पाहत होत्या. हळूच म्हणाल्या, "राहू दे."

दोन दिवसांनी त्यांनीच हाक मारली. "वरून काय पाहून रायलीस त्याले? मूर पाय."

त्यांच्या सांगण्यावरून मुळं पाहायला मी खाटेवर वर्तमानपत्र पसरलं आणि झाड कुंडीतून काढलं. कुजका वास आला. सासूबाई म्हणाल्या, "मले बसव." पाठीशी उशा लावून मी त्यांना बसवलं. खाटेला लागल्यापासून त्या एवढा वेळ बसल्या नव्हत्या. जन्मभर चिखलात उभं राहून धानाची रोवणी केलेला हात तो. त्यांनी मुळं बोटांत धरली, काळी पडलेली एकेक खुडली, पांढरी ठेवली.

"तहानेनं नाही, पान्यानं मरून रायला हा," त्या म्हणाल्या.

मी नदीची वाळू आणि राइस मिलमधून धानाचा कोंडा आणला. काळी माती टाकून दिली. पंधरा दिवसांत खोडाच्या बुडाशी दोन पानं फुटली, नखाएवढी. मी मुलीला फोटो पाठवला. सासूबाई रोज सकाळी चहाच्या आधी विचारायच्या, "तिसरा आला का?"

तिसरं आलं नाही. मेअखेर नवतपा लागला, उन्हाळ्यातले सगळ्यांत तापलेले नऊ दिवस. एके दिवशी सकाळीच लाइन गेली ती संध्याकाळपर्यंत आली नाही. कूलर बंद. सासूबाईंना घाबरल्यासारखं होऊ लागलं, म्हणून मी दिवसभर त्यांना वारा घालत होते, ओल्या फडक्यानं छाती पुसत होते. दुपारी कधीतरी पंखा हातात धरूनच मला खुर्चीवर डोळा लागला. जाग आली तेव्हा त्या शांत झोपल्या होत्या. कुंडीतली दोन्ही पानं सुकून कागद झाली होती. नंतर मी नखानं खोड खरवडून पाहिलं. आत कुठंच ओल नव्हती.

खरं सांगायचं तर मला हलकं वाटलं. एक काम कमी झालं, हाच पहिला विचार. मग स्वतःची लाज वाटली.

आठ दिवस मी मुलीला सांगितलं नाही. फोनवर ती झाडाचं विचारायची, मी जेवणाचं विचारायची. नवव्या दिवशी सगळं सांगून टाकलं, हलकं वाटल्याचंसुद्धा.



"आई," ती म्हणाली, "माझ्याकडच्या एक आजी गेल्या परवा. वर्षभर मीच भरवायची त्यांना. मलाही आधी हलकंच वाटलं. मग बाथरूममध्ये जाऊन रडले. कुणाला सांगितलं नाही मी."

"जेवलीस का?" मी विचारलं.

"नाही अजून."

तेवढ्यात आतून सासूबाईंनी हाक मारली. कूस बदलायची वेळ झाली होती. मी फोन तसाच चालू ठेवून आत गेले आणि त्यांच्या खांद्याखाली हात घातला.

"दोन्ही गुडघ्यांच्या मधे उशी ठेव आधी," फोनमधून मुलगी म्हणाली. "मग वळव. तुझी पाठ वाचेल."

मी उशी ठेवली. सासूबाई सहज वळल्या.