लांब तारेचा सेन्सर

पुतणीच्या हळदीला सगळी भावकी मांडवात बसलेली असताना तिनं हळदीच्या हातानं माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "काका, उद्या मी तुझ्याच गाडीत बसनार हाय."

तिचा बाप, म्हणजे माझा मोठा भाऊ, समोरच खुर्चीवर होता. त्याची नवी, उंच गाडी मांडवाबाहेर फुलांसाठी धुऊन ठेवली होती. दादानं माझ्याकडे बघितलं नाही. कोणीतरी हसून म्हणालं, काकाची गाडी पडघ्याला नवऱ्याच्या दारापर्यंत पोचंल का, का वरातीनं ढकलायची? मी म्हणालो, पोचेल. एवढंच म्हणालो, पण ते सगळ्यांनी ऐकलं.

दादाशी माझं बोलणं बंद होतं. अंजूरला खाडीच्या बाजूला आमचं खळं होतं, भात झोडायची जागा. सातबारावर नाव दादाचं, पण झोडणी आम्ही दोघांनी केलेली. त्या जागेवर गोदाम उभं राहिलं तेव्हा मला ते रस्त्यावरून जाताना कळलं. माझा वाटा त्यानं माणसाहाती पाठवला, तो मी त्याच माणसाहाती परत धाडला. मला वाटा नको होता. मला विचारायला हवं होतं.

गाडीचीही एक गोष्ट आहे. लूमवरच्या कापडाचे उरलेले तुकडे सायकलवर गोळा करत मी धंद्यात आलो. पुढे गाळा घेतला आणि मग ही गाडी. आमच्या घरातली पहिली. गावात आणली तेव्हा पुतणी एवढीशी होती, पुढच्या सीटवर उभी राहून हॉर्न वाजवत होती. दादानं त्याच मोसमात तेच मॉडेल, तोच रंग आणला. नंतर त्यानं नवी घेतली आणि जुनी गोदामामागे ताडपत्रीखाली टाकून दिली. मी माझी चालवत राहिलो. त्या घरातून माझ्याकडे येणं-जाणं फक्त त्या पोरीनं ठेवलं होतं.

आणि नेमकी आता गाडी बिघडलेली होती. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागलेला, मागून काळा धूर, आणि नाक्यावर थांबलं की थरथरून बंद. अंजूरफाट्याच्या मेकॅनिकनं आधीच सांगितलं होतं, "सेठ, ऑक्सिजन सेन्सर गया." हा सेन्सर धुराच्या पाइपात बसतो, धूर हुंगतो आणि इंजिनाला किती पेट्रोल द्यायचं ते कळवतो. तो खोटं सांगायला लागला की इंजिन पेट्रोल पीत सुटतं आणि गुदमरतं. मी काम पुढे ढकलत होतो, कारण त्यानं सांगितलेला भाव मला पटत नव्हता. हळदीहून निघताना त्याला फोन केला. तो म्हणाला, पार्ट तुम्हीच आणा, याच मॉडेलचा, ओरिजिनल. कुठला, ते तो बोलला नाही. हे मी त्याला आजही ऐकवतो.

भिवंडीत खरेदीला जायचं तर दुकानाचं शटर वर जाताना जावं. बोहनीचं, म्हणजे दिवसाचं पहिलं, गिऱ्हाईक दुकानदार परत पाठवत नाही. तोंड फिरवलं तर त्याचा दिवस वाया जातो, अशी त्याची समजूत, आणि माझा निम्मा धंदा त्या समजुतीवर उभा आहे. लग्नाच्या दिवशी सकाळी मी असाच पोचलो. दुकानदार अगरबत्ती लावत होता. त्यानं माझ्यापुढे दोन खोकी ठेवली. दोन्ही याच मॉडेलची, दोन्ही एकाच कंपनीची, आटेही सारखे. एकाची तार वीतभर, दुसऱ्याची हातभर लांब. आणि लांब तारेचा स्वस्त, कारण तो बरेच दिवस पडून होता.

मी कापडाचा माणूस. जास्त आलं तर कापता येतं, कमी पडलं तर जोड दिसतो, हे मला झोपेतही कळतं. लांब माल कमी भावात मिळत असताना आखूड कोण घेईल? तरी मी आणखी खाली ओढलं. त्यानं कपाळाला हात लावला, मी चपलेत पाय घातले, त्यानं परत बोलावलं. खोकं हातात देताना तो म्हणाला, "बोहनी है, इसलिए दिया. वापस मत लाना." मी म्हणालो, परत आणणारा माणूस मी नाही.

गॅरेजवर पोचलो तेव्हा मेकॅनिकला घाई होती. दुपारी त्याला दुसरीकडे इंजिन उतरवायला जायचं होतं. जुना सेन्सर पाइपात गंजून एकजीव झालेला. त्यानं गंज सुटायचं तेल मारलं, इंजिन थोडं तापवलं, पाना घातला, जोर मिळावा म्हणून पान्याच्या दांड्यावर नळी चढवली आणि तिला लोंबकळला. मी म्हणालो, हळू. तो म्हणाला, मग तुम्हीच घ्या. आटे गेले तर अख्खा पाइप बदलावा लागणार होता, आणि तो त्या दिवशी भिवंडीत कोणाकडे नव्हता. कट्ट आवाज झाला. काय तुटलं ते आम्हा दोघांनाही क्षणभर कळलं नाही. मग सेन्सर बाहेर आला. त्याचं डोकं चेपलेलं, तारा मुळापासून उपटलेल्या, पण पाइपातले आटे शाबूत.

त्यानं माझं खोकं उघडलं, तार हातात धरून मोजल्यासारखी ताणली आणि माझ्याकडे बघितलं.

"सेठ, कपडा समझ के लाए क्या?"

लांब तारेचा सेन्सर खालचा होता. तो धूर साफ करणाऱ्या डब्याच्या पुढे, सायलेन्सरकडे बसतो, म्हणून तार लांब. आपल्याला हवा होता इंजिनाजवळचा. आटे तेच, पण तारेच्या टोकाचा प्लगच वेगळा, बसेना. मी म्हणालो, तार काप आणि जुना प्लग जोड. तो म्हणाला, चार तारा आहेत, रंग जुळत नाहीत, करंट बारीक असतो. नवरी बसवून रस्त्यात बंद पडली तर लोक मला धरतील, तुम्हाला नाही. मी त्याच्यावर ओरडलो. तोही माझ्यावर ओरडला. मग मी खोकं उचललं आणि रिक्षा केली.

दुकानात गर्दी होती. आखूड तारेचा सेन्सर मी गेल्यावर विकला गेला होता. आता तो उद्या मुंबईहून येणार होता. मी माझं खोकं काउंटरवर आपटलं. दुकानदारानं त्याला हातसुद्धा लावला नाही. इलेक्ट्रिकचा माल परत घेत नाही, आणि बोहनीचा तर मुळीच नाही. तो घेतला तर सकाळपासूनचा सगळा धंदा उलटा होतो, असं तो सगळ्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला. मी खोकं परत उचललं. त्या समजुतीचा फायदा मीच सकाळी घेतला होता.

फुटपाथवर उभा असताना पुतणीचा फोन आला. फुलं कुठल्या गाडीला लावायची, ते विचारत होती. आवाज जपून बोलत होती, म्हणजे बाजूला कोणीतरी होतं. मी म्हणालो, थांब जरा.

आखूड तारेचा सेन्सर अंजूरलाच होता. दादाच्या जुन्या गाडीत, ताडपत्रीखाली.

मेकॅनिकला घेऊन मी गोदामाच्या मागे गेलो. गोदाम म्हणजे खळंच ते. जिथे पायांनी मळत भात झोडलं, तिथे आता ट्रक मागे घ्यायचा उतार आहे. मेकॅनिकनं ताडपत्री उचलली आणि सरळ बॉनेटला हात घातला. कोणी नव्हतं. काढून नेलं असतं तर वर्षभर कळलं नसतं. मी त्याला थांबवलं. तो घड्याळ बघत म्हणाला, टाइम नहीं है सेठ. मी म्हणालो, थांब.

दादा मांडवात होता. बनियनला हळद लागलेली, आचाऱ्याशी हुज्जत घालत होता. मला बघून तो आचाऱ्याला सोडून वळला. बायका भांडी घासायच्या थांबल्या.

"गाडी बंद पडली, न्हाय?" तो म्हणाला. इतक्या वर्षांनंतरचं पहिलं वाक्य.

"तुझ्या जुन्या गाडीतला एक पार्ट पायजे."

"मंग काढून न्यायचा. तिथंच तर हाय. सांगत कशाला आलास?"

"न इचारता न्यायची सवय मला न्हाय."

आचाऱ्यानं मान खाली घातली. दादाच्या मानेवरची शीर फुगली. मला वाटलं, आता तो हात उचलेल, आणि मीही तयार होतो. घरातून पुतणी दारात आली, हातभर हिरवा चुडा, आणि चौकटीला टेकून उभी राहिली.

"सांगितलंस," दादा म्हणाला. "इचारलं कुठं? इचार."

सगळे ऐकत होते. आयुष्यात मी पुष्कळ भाव पाडले, पण असा भाव कोणी माझ्याकडून ओढून घेतला नव्हता.

"दादा," मी म्हणालो, "तुझ्या गाडीचा सेन्सर काढून घेऊ का?"

त्यानं वेळ लावला. धंद्यात लावतात तसा.

"घे. पन गाडीत पुढं मी बसनार."

थंड इंजिनाच्या पाइपातून तो सेन्सर निघेना. मेकॅनिक तेल मारत होता, हलके ठोके देत होता, शिव्या देत होता. निघाला तेव्हा आटे साफ होते. गॅरेजवर परत येऊन माझ्या गाडीत तो बसवून त्यानं इंजिन चालू केलं आणि स्कॅनर लावून पिवळा दिवा विझवला. दिवा परत लागला नाही, पण मी सारखा तिकडेच बघत होतो. मांडवाबाहेर फुलं घाईनं लागली, एका बाजूला जास्त.

मानकोलीच्या अलीकडे कंटेनरांच्या रांगेत आम्ही अडकलो. पुढे दादा, मागे नवरी आणि तिच्या करवल्या. काचा बंद, कारण धूळ. मुहूर्त जवळ येत होता. मी एसी लावला नव्हता. एसीचा भार पडला की इंजिन बसायचं, ते मला माहीत होतं. दादालाही माहीत होतं. त्यानं तेच मॉडेल चालवलेलं होतं.

"एसी लाव," तो म्हणाला. "पोर घामानं भिजलीय."

मी बटन दाबलं. इंजिनाचा आवाज खाली गेला, स्टिअरिंग थरथरलं, इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा पडत गेला. मागून ट्रकनं हॉर्न दिला. मग काटा थांबला, थोडा वर आला आणि तिथे राहिला. गार हवा आली. मागे करवल्यांपैकी कोणीतरी हुश्श केलं.

"माझा पार्ट हाय, म्हनून चालते," दादा काचेतून बाहेर बघत म्हणाला.

"इचारून घेतलाय," मी म्हणालो.

त्यानं मान वळवली. मला वाटलं, आता तो बोलेल, कारण त्याचा जबडा हलला. मागून पुतणी म्हणाली, "बाबा, काका, पडघा येईपर्यंत दोघं गप बसा." आम्ही बसलो. गाडी नवऱ्याच्या दारापर्यंत गेली, आणि हळदीला ढकलायची थट्टा करणारा तिथे उभा होता. मी त्याच्या अगदी पायाशी नेऊन थांबवली.

तो सेन्सर अजून माझ्याच गाडीत आहे. दादानं मागितला नाही, आणि मी परत करायचं म्हटलं नाही. लांब तारेचा माझ्या गाळ्यातल्या खणात पडून आहे. बरेच गॅरेजवाले तो मागून गेले, भाव जमला नाही. दादा आणि मी आता बोलतो, कामापुरतं. खळ्याचं त्यानं अजून विचारलेलं नाही.