अवसेला काढलेली होडी

कशेळीच्या केसरीनाथला वेळ विचारली की तो घड्याळाऐवजी खाडीकडे बघायचा. घड्याळ मुलाने, धनेशने, हौसेने घेऊन दिलेले, ते लग्नाकार्यापुरते. शेतावर गोडाऊन उभे राहिले, भाडे येऊ लागले, घरावर मजला चढला, तरी हा माणूस तिथीवरच चालायचा. अवस-पुनवेला उधाण, अष्टमीला पाणी मंद. कोणी भांडायला उठले की म्हणायचा, “भरती हाय, उतरंल. वाईच थांब.” एवढ्यावर आळीतली बरीच भांडणे निवलेली मी पाहिली आहेत.

धनेशच्या डोळ्यांत मात्र बापाची जुनी होडी खुपायची. “एकटे जाता, कुठंतरी अडकाल. विकून टाकू,” हे रोजचे. शेवटी पाडव्याच्या आदल्या दिवशी, फाल्गुनी अवसेला, बापलेकांनी पैज लावली. केसरीनाथ जुन्या बांधापर्यंत जाऊन अंधार पडायच्या आत परत आला तर होडी राहील, नाहीतर विकायची. पंच म्हणून मला, शाळेच्या गुरुजींना, होडीत बसवले; धनेशही चढला.

“अवसेला गुरुजींनाबी बुडवा!” केसरीनाथची बायको बायजाबाई ओट्यावरून ओरडली.

जाणे झोकात झाले. परतताना ओहोटी लागलेली. ऊन कलले आणि होडी गाळात रुतून बसली. केसरीनाथने बांबू रोवला, काढला, पुन्हा रोवला. होडीवर त्याचा किती जीव होता ते तेव्हा त्याच्या तोंडावर दिसले.

“काय बाबा, तिथी चुकली?” धनेशने टोमणा मारला.

“तिथी कशी चुकंल? मी चुकलो. खाडी गाळानं भरली, मी आपला जुन्याच खोलीवर चाललो.” मग स्वतःच्याच मांडीवर थाप मारून तो हसला. “बघा गुरुजी, जलम गेला हिच्यात, तरी हिला इचारूनच जावं लागतं.”

पुढच्या भरतीशिवाय सुटका नव्हती. बायजाबाईने बांधून दिलेल्या उकडलेल्या शेंगा आम्ही सोलत बसलो. अंधार पडला आणि काठावर लोडशेडिंग झाले. गोडाऊनचे दिवे गेले तसे आभाळ एकदम खाली उतरल्यासारखे झाले. धनेश फळीवर उताणा पडून बघत राहिला.

“ती चार चांदन्यांची म्हातारीची बाज,” केसरीनाथ उत्तरेला सप्तर्षींकडे बोट करून म्हणाला. “मागं तीन चोर. म्हातारी जागी हाय तवर बाज जाग्यावर.”

“आणि झोपली तर?”

“तर बाज उचलून तिथं गोडाऊन बांधतील!”

धनेश इतका हसला की होडी हलली. हलली म्हणजे, खालून पाणी आले होते.

केसरीनाथने बांबू मुलाच्या हातात दिला. “मी हरलो. होडी तुझी. उद्या वीक.”

धनेशने बांबू रेटला. होडी गर्रकन फिरून उलट्या दिशेला तोंड करून उभी राहिली.

“एवढंबी येत न्हाय, आन विकाया निघाला!”

“माझी हाय ना आता?” धनेश दातओठ खात बांबू रेटत म्हणाला. “मग गप बसा आन सांगा, गाळ कुठं हाय?”

“गप बसू का सांगू?”

केसरीनाथने सांगितले. घरी पोचेपर्यंत सांगतच होता.